विझलेला दिवा

परवा ऑफिसात कुणाचा तरी चार्जर जळाला आणि त्या वासासरशी मला कर्जतचे मामा आठवले. एका उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी बसून माझा पहिला मोबाईल गेम तयार करत होते. त्यात शेतातल्या बंद मोटारी दुरुस्त करायच्या. मोटारीच्या स्टार्टर पेटीवरचा लाल दिवा पेटलेला असताना हात लावला की मेलात, विझलेला असला की खुशाल लावा. नियम एवढाच. मामा हातातली तंबाखू विसरून खेळायचे. एका दुपारी मी त्यांना नवी लेव्हल दिली आणि गंमत म्हणून तिथल्या एका विझलेल्या पेटीत करंट ठेवला. मामांनी बोट लावलं, मेले, आणि मोबाईल खाटेवर आपटला. "दिवा इझल्याला हुता की! ह्यो खेळ न्हाई पोरी, फसवनूक हाय. एकदा ठरलं म्हंजी ठरलं." त्यांचं बरोबर होतं. मी ती पेटी तिथल्या तिथे काढून टाकली, आणि पुढे गेम चालला तो त्या एका नियमावरच. मामा रोज खेळत राहिले. दिवाळीच्या आधी त्यांच्या विहिरीवरची मोटार बंद पडली. टेस्टर लावल्याशिवाय पेटीला कधी न शिवणारा माणूस. त्या दिवशी टेस्टर खिशातच सापडला. दिवा विझलेला होता, कारण त्याचा बल्ब उडाला होता. पेटीजवळ त्या चार्जरसारखाच जळका वास होता. आज नव्याने कामाला आलेल्यांना मी शिकवते, की नियम इतका पक्का ठेवा की खेळणाऱ्याचा हात विचार न करता पुढे गेला पाहिजे. मामांचा तसाच गेला.