खांबाची पाठ

आमच्या गावात तयार फर्निचरची दुकानं आली आणि आप्पांचा वाकस खुंटीला गेला. वाकस म्हणजे लाकूड तासायचं सुताराचं हत्यार. कुदळीसारखं, पण एका हातात मावणारं. पुढची दहा-बारा वर्षं आप्पा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या साइटवर प्लायवूडला सनमायका चिकटवत होते. आई पॉलिशपेपर मारायला जायची. त्यानं तिच्या बोटांवरचे ठसे झिजले. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठायचा नाही, म्हणून धान्य आणायला मला कॉलेज बुडवून जावं लागे.

त्याच घरातून मी शिष्यवृत्तीवर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला मास्टर्स करायला आले. प्रबंधाला विषय घेतला टोटेम पोल: उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे मूळनिवासी सीडरच्या अख्ख्या खोडातून कोरतात ते उंच खांब, घराण्याची कथा सांगणारे. असा एक खांब इथल्या संग्रहालयाच्या गोदामात आडवा ठेवला होता. मी तो दोनदा पाहिला आणि लॉकडाऊन लागला. हातात उरले मोबाईलमधले फोटो.

त्यावरून मी लिहिलं की खांबाची पाठ आतून कुजून पोकळ झाली आहे आणि पुढची बाजू गुळगुळीत करायची राहून गेली आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पांना सहज फोटो दाखवले.

"कुजलंय कुठं?" ते म्हणाले. "कडा बघ की. गाभा काढलाय त्यानं. ठेवला तर सुकताना खोड चिरतं. वजन उतरतं ते वेगळंच."

"आणि पुढचं खडबडीत?"

"खडबडीत काय? एका ओळीत घाव आहेत, एका मापाचे. मला नाय जमायचे इतके सरळ. तू शिकलीस, पण नीट बघत नाहीस."

मी आप्पांचा हवाला देऊन दोन्ही वाक्यं बदलली. माझ्या मार्गदर्शक बाई डच, आडपडदा ठेवत नाहीत. म्हणाल्या, "तुझे वडील जाणकार असतील, पण खांब त्यांच्या लोकांचा नाही. ज्यांचा आहे त्यांना विचार, नाहीतर हे प्रकरण गाळ." प्रकरण गाळलं तर प्रबंधात काही उरत नव्हतं, आणि प्रबंधाशिवाय डिग्री नव्हती.

बाईंच्याच ओळखीनं त्या किनाऱ्यावरचे एक कोरीवकाम करणारे काका बोलायला तयार झाले. त्यांची सकाळ, माझी संध्याकाळ, आप्पांचं जेवण उरकलेलं. मी मध्ये दुभाषी. कॉल लागताच आप्पांनी कौतुकानं एक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली. फोटोत पाहिलेला खांबावरचा डोमकावळा त्यांनी कडुनिंबाच्या लाकडात कोरला होता, मला न सांगता.

काकांनी तो निरखला. मग शांतपणे म्हणाले, "तो कावळा एका घराण्याचा आहे. त्यांना विचारल्याशिवाय मीसुद्धा तो कोरत नाही."

हे मी पुस्तकांत वाचलं होतं आणि आप्पांना सांगितलं नव्हतं. चूक माझी. आता हे काका कशाला काही सांगतील, असं वाटलं. तरी त्यांचं बोलणं आप्पांना मराठीत सांगितलं.

"बरोबर आहे त्यांचं," आप्पा म्हणाले. उठले, वाकस घेऊन आले आणि कॅमेऱ्यासमोरच चार घावांत चोच न् डोळे तासून टाकले. "म्हणावं, माहीत नव्हतं. आता नुसतं लाकूड आहे."

काका पडद्याजवळ सरकले. "ते हत्यार परत दाखवा जरा." मग त्यांनी आपलं आणलं. दांडा वाकड्या फांदीचा, पण पातं तसंच आडवं.

"कुणी शिकवलं विचार," आप्पा म्हणाले.

"मामानं."

"आमच्यात बाप शिकवतो. हिला शिकवायला गेलो तर पळाली हॉलंडला."

काका बराच वेळ हसत होते. तेव्हा मला पाठीबद्दल विचारायचा धीर झाला.

"गाभा काढतात, चिरू नये म्हणून," ते म्हणाले. "आणि घावांच्या ओळी हीच शेवटची सफाई. तुझ्या वडिलांनी बरोबर ओळखलं. लिही तसं, माझं नाव घालून."

आभाराच्या पानावर पहिलं नाव काकांचं आणि त्यांच्या लोकांचं आहे. दुसरं आप्पांचं, पुढे लिहिलंय 'सुतार'. तिसरं आईचं. या तिघांचे उपकार मी मिरवते. ते प्रकरण प्रबंधात राहिलं आणि मी पास झाले. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली.