चौकशीहून आल्यावरचं पाणी

आमच्या वस्तीत मुलीसाठी स्थळ आलं की चौकशीला आत्या जाते. ती कोणाचीच सख्खी आत्या नाही, म्हणून सगळ्यांचीच आहे. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी परतायचं. स्थळ चांगलं निघालं तर ती मुलीच्या घरी थांबून पाणी पिते. नाही निघालं तर न थांबता आपल्या घरी जाते. मग कोणी काही विचारत नाही. त्या घराची बदनामी नको आणि आपल्या पोरीची चर्चाही नको.

मला या रीतीचा फार राग यायचा. तोंड दिलंय ना, मग बोला की! शेजारच्या पोरीला केळापूरकडचं स्थळ आलं तेव्हा मी मोबाइलवर मुलाची सगळी कुंडलीच काढली. नोकरी बरी, मित्र बरे, व्यसन दिसत नव्हतं. पोरगी तर फोटोवरच भाळली होती आणि मनातल्या मनात सासरी पोचलीसुद्धा होती.

"आता कायले जातं, आत्या?" मी विचारलं.

"तू बी चाल. गुडघे दुखून राह्यले, पिशवी धरशील."

त्या गावी मुलाच्या घराजवळ पिठाची चक्की होती. दळणाला आलेल्या बायकांमध्ये आत्या जाऊन बसली. उन्हाचं बोलली, तुरीच्या डाळीचं बोलली. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर आत्याने! बऱ्याच वेळाने तिने एकीला सहज विचारलं, "त्या घरच्या मोठ्या सुनेच्या माहेरी आमची ओळख हाय. तिचा नंबर भेटंल का व?" ओळखबिळख काही नव्हती.

"तिचा कुठचा नंबर? सासूच्या फोनवर लावा," ती बाई कौतुकाने म्हणाली. "माहेरचा फोन आला तरी सासूसमोरच बोलते. लय वळणाची सून हाय, कधी एकटी बाहेर दिसनार नाही."

आत्या म्हणाली, "असं का," आणि पुन्हा डाळीकडे वळली. पण एकीच्या तोंडचं ती खरं धरत नाही. पुढे किराणा दुकानात आणि बसथांब्यावर, वेगवेगळ्या वाटांनी, तिने तेच काढून घेतलं. त्या घराबद्दल वाईट शब्द कोणी बोललं नाही, आत्यानेही बोलू दिला नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये आमची बाटली रिकामी झाली. मी म्हटलं, "पण पोरगा चांगला आहे, आत्या."

"असंल. फोटोत का राह्यता येते, माय? राहा लागते घरात."

वस्तीत शिरलो तर पोरगी दारात पाण्याचा गडवा घेऊन उभी. आत्याचे ओठ उन्हाने पार सुकले होते. तिने पोरीकडे एकदा पाहिलं आणि गुडघा धरून पुढे चालू लागली. मागे पिशवी घेऊन मी. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. ओट्यावरच्या बायकांनी सगळं पाहिलं आणि एकीनेही काही विचारलं नाही. एक उठली, पोरीला आत घेऊन गेली, चहा ठेवला. या बायांचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

दिवेलागणीला पोरगी आत्याच्या घरी आली. डोळे सुजलेले, हातात तोच गडवा. मला राहवेना. कारण सांगायला मी तोंड उघडलं.

"राहू दे, ताई," ती म्हणाली. "आत्यानं पाणी नाही घेतलं ना? झालं मग."

मग तिने गडवा आत्यापुढे धरला. "आता स्थळ नाही, काही नाही. आता तरी पे, आत्या. सकाळपासून उन्हात गेलती तू माह्यासाठी."

आत्याने गडवा दोन्ही हातांनी घेतला. पाणी गळ्यावरून, पदरावरून सांडत होतं, पण रिकामा होईपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही.