न मारलेली गाठ

"स्वल्प ओढून बघा," कानडीमिश्रित मराठीत म्हणत अण्णा बायबलाच्या पानांत ओवलेला, बाहेर लोंबणारा दोरा समोरच्याच्या हातात देत. समोरचा बिचकत ओढी. मग उघड्या पानापासून पार पलीकडे, मिटलेल्या पानांतून एक पान अलगद वर येई.

चिकपेटेत साड्यांच्या एका दुकानात, जिन्याखाली बसून ते फॉल लावत. फॉल होईपर्यंत बायका बसून राहत. तेवढ्या वेळात अण्णा त्यांना बायबलातले संदेष्टे, पुढचं आधीच सांगून ठेवणारे, दाखवत.

यशयापासून मीखापर्यंत हिरवा दोरा होता. यशया सांगतो, इशायाच्या तोडलेल्या बुंध्याला कोंब फुटेल. "हा इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. राहायचा कुठं?" अण्णा विचारत. "ओढा की, अक्का." मीखाचं पान वर येई: बेथलेहेम, एवढंसं गाव, तिथून राज्य करणारा निघेल.

"एकानं झाड सांगितलं, दुसऱ्यानं जागा. कापड त्यांचं. माझे नुसते टाके."

मी त्याच गल्लीच्या तोंडाशी ख्रिस्ती प्रचाराची पत्रकं वाटत उभा असे. होसकोट्याच्या कारखान्यातून मिळणारी आठवड्याची एकुलती सुट्टी मी त्यात घालवायचो. आठ मुद्दे, ठळक अक्षरं, शेवटी 'आजच निर्णय घ्या'. लोक माझं पत्रक घेत, त्यानं वारा घेत घेत अण्णांच्या जिन्याखाली जाऊन बसत. तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

खरं तेच लिहितो. मी जळत होतो.

इंदिरानगरात आमची मराठी ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला जमे. नाताळाआधीच्या रविवारी संदेष्ट्यांवर बोलायचा मान दरवर्षी अण्णांना. मी पाळकसाहेबांकडे तीनदा गेलो. "बोलशील रे तूही," ते म्हणाले, "पण अण्णा आहेत ना." सातवी शिकलेला फॉलवाला, आणि मी रात्री जागून मूळ वचनं ताडून पाहणारा.

मग मी एक वाईट काम केलं. दोन सुट्ट्या मदतीच्या नावाखाली जिन्याखाली बसलो आणि कुठला दोरा कुठून कुठे जातो ते वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांत लांब होता लाल. यशयातल्या, दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ झालेल्या सेवकापासून तो जखऱ्यापर्यंत जाई. जिथं लोक आपणच भोसकलेल्याकडे पाहून शोक करतात. जखऱ्याच्या पानातून हा दोरा आरपार जाऊन मोकळाच लोंबत होता. गाठ नव्हती.

मी ते सगळं छापलं. लाल दोऱ्याच्या वचनांखाली ठळक अक्षरांत 'म्हणून' लिहून तो सेवक कोण याचा निकाल लावला. खाली माझं नाव.

अण्णांनी चष्मा कपाळावर सारून पत्रक डोळ्यांजवळ धरलं. शेवटपर्यंत वाचलं.

"सरी आहे, तम्मा. सगळं बरोबर. गाठ तेवढी स्वल्प लवकर मारलीस."

"मग मारायची कुणी?"

"ओढणाऱ्यानं."

पत्रकाची घडी करून त्यांनी ती बायबलात ठेवली आणि पुढची साडी ओढली. माझ्या नावाबद्दल एक शब्द नाही. भांडले असते तर बरं झालं असतं; भांडायला मी तयारी करून गेलो होतो.

पुढच्या दिवाळीनंतर अण्णा वारले. त्यांच्या बायकोनं ते बायबल पाळकसाहेबांकडे आणून दिलं, आणि साहेब मला म्हणाले, "यंदा तू बोल."

नाताळाआधीच्या रविवारी उभा राहिलो. हिरवा दोरा ठीक झाला. लालच्या वेळी मी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. त्यांनी ओढलं. जखऱ्याचं पान वर आलं. त्यांनी ते वाचलं, मग बोटानं दोरा धरून हळूहळू यशयाकडे मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. सगळं सभागृह त्यांच्या बोटाकडे बघत होतं. 'म्हणून' माझ्या जिभेवर तयार होतं. चार मुद्दे अजून शिल्लक होते.

"बाई, पुस्तक," मी म्हणालो.

"थांब रे," त्या वर न बघता म्हणाल्या.

मी रिकाम्या हातांनी थांबलो. इतकी वर्षं मागून मिळालेली ती माझी पहिली सभा, आणि तीही अण्णांनीच घेतली. बाईंनी दोऱ्याचं मोकळं टोक बोटाभोवती गुंडाळून घेतलं होतं.