तुमचे पाहुणे कुठं कुठं आहेत?

नातवंडांनो, बारामतीच्या फ्लॅटचं एक बुकिंग मी गेल्या उन्हाळ्यात रद्द केलं. तुम्ही कारण विचारलंत, तेव्हा मी पाण्याची मोटार जळाल्याचं कळवलं. ते खोटं होतं.

हा फ्लॅट मी घेतला तेव्हा जवळच्या कारखान्यातले कामगार भाड्याने राहत. कारखाना बंद पडला, ते गेले. मग तुमच्या सल्ल्याने मी तो ॲपवरून दिवसाच्या भाड्याने द्यायला लागले. चादरींना इस्त्री, दारात सूचनांचा कागद, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची रजिस्टरमध्ये नोंद, सगळं शिस्तीत.

त्या वेळी इंदापूरकडच्या कळसहून एका बाईंनी दोन रात्रींसाठी बुकिंग केलं. मुलीची प्रवेशपरीक्षा बारामतीत होती, सकाळी लवकर हजर व्हायचं होतं आणि गावाहून तेवढ्या लवकर एसटी नव्हती. नोंदीसाठी मी त्यांना फोन केला. नाव, गाव, आडनाव विचारलं. आडनाव कुणातही सापडेल असं होतं. म्हणून मी विचारलं, "तुमचे पाहुणे कुठं कुठं आहेत?"

तुम्हाला 'पाहुणे' म्हणजे फक्त घरी येणारी माणसं वाटतील. आमच्याकडे सोयऱ्यांनाही पाहुणेच म्हणतात. सोयरे कळले की जात कळते, आणि जातीचं नाव घ्यावं लागत नाही.

बाईंना प्रश्न लगेच कळला. "आमी बौद्ध आहोत, आज्जी. पोरीला रात्री नीट झोप मिळावी, एवढंच."

मी म्हणाले, पाण्याची मोटार जळाली आहे, बुकिंग रद्द करावं लागेल.

"पाहुणं इचारलं आन् लगेच जळाली व्हय?" आवाज चढवला नाही त्यांनी.

सोसायटीतले लोक काय म्हणतील, ही सबब माझ्याकडे तयार होती. पण कुणी काही म्हटलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर फ्लॅटमधली आपली भांडी आली होती, त्यांत त्या रांधतील, एवढंच. कॉलेजात समतेवर इंग्रजी निबंध लिहून मी पहिलं बक्षीस घेतलं होतं. तुमच्या आईलाही तो वाचून दाखवला होता.

तासाभराने मी पुन्हा फोन केला. तेव्हाही खरं बोलले नाही. मोटार दुरुस्त झाली, या, असं म्हणाले.

"राहू द्या, आज्जी. काटेवाडीत वळखीचं घर हाय, तिथं उतरू आमी." मग त्या म्हणाल्या, "मघाशी फोन स्पीकरवर हुता. पोरगी शेजारीच अभ्यासाला बसली हुती."

परीक्षेच्या सकाळी मी रिक्षातून केंद्राच्या रस्त्याने दोनदा गेले. फाटकापाशी आयांसोबत कितीतरी मुली उभ्या होत्या. त्यातली ती कोणती, हे मला कळणार नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी रिक्षातून उतरले नसते. तिचा पेपर कसा गेला, माहीत नाही. नंबर अजून फोनमध्ये आहे. विचारायला मला तोंड नाही.