गाळातल्या बाईचा फोटो

शिवनाथ नदीला पूर आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी भिलाईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सचिवांबरोबर दुर्ग शहरापलीकडच्या एका गावात गेले. घरं पडलेली माणसं शाळेत राहत होती. मदत मागायची म्हणून मी फोटो काढले. केस नीट विंचरलेल्या बाया, ओळीत बसून खिचडी खाणारी माणसं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दोघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, बस.

सचिव म्हणाले, "असे फोटो पाहून कोण देईल, वहिनी? लोकाईले वाटते सगळं ठीक आहे. कोणी रडून नाही राहिलं का?"

मला राग आला. तरी मी पडक्या घरांकडे गेलेच. एक बाई गुडघाभर गाळात हात घालून काहीतरी शोधत होती. केस सुटलेले, पदर ढळलेला, डोळ्यांतून पाणी. तिने वर पाहिलं आणि मी फोटो काढला. तोच ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत स्मृति नगरातला आमचा व्हरांडा साड्या-चादरींनी भरला. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी आमचा टेम्पो शाळेच्या फाटकाशी पोचला, तर तीच बाई आडवी उभी. हातात कुणाचा तरी मोबाइल, त्यावर माझा फोटो.

"मोला पूछे रहे का?" ती छत्तीसगढीत ओरडली. मला विचारलं होतंस का?

तो फोटो रायपूरला तिच्या जावयापर्यंत गेला होता. आणि फोटोत ती रडतही नव्हती. डोळ्यांत गाळ गेला होता, आणि ती मसाल्याचा पाटा शोधत होती. माणसं जमली. कोणीतरी टेम्पोच्या पत्र्यावर जोरात थाप मारली.

"वहिनी, उतरू नका," सचिव कुजबुजले.

मी उतरले. तिच्यासमोर तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला. पण तो आता किती फोनांत आहे, हे तिलाही ठाऊक होतं.

"चुकलं माझं," मी हिंदीत म्हणाले. "तुम्हाला काय पाहिजे?"

तिने शाळेमागची विहीर दाखवली. गाळाने भरलेली. बाया कोसभरावरून पाणी आणत होत्या.

मी ग्रुपवर लिहिलं, या वेळी फोटोशिवाय: विहीर उपसायला पंप हवा. दिवसभर कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी भिलाईच्या स्टील प्लांटमधला एक फिटर सुट्टी टाकून, पंप घेऊन स्वतःच आला. उपसायला दोन दिवस लागले. गाळ कुठे टाकायचा, ते ती बाई काठावर उभी राहून सांगत होती.

माझ्याशी ती पुन्हा बोलली नाही. निघताना मी हात जोडले, तेव्हा ती घागर घासत होती. तिने वर पाहिलं नाही.