तन्मयच्या डोक्यावरची शपथ

चिकलठाणा विमानतळाच्या दारातून तुम्ही आत गेलात तेव्हा ईराने एकदा मागे वळून पाहिलं. तन्मयने पाहिलं नाही. त्याचा डावा हात झोळीत होता. तुमच्या बाबाबद्दल तुमची आई मला, तिच्या सासूला, एवढंच म्हणाली, "आत्या, तुम्ही त्याच्यापाशी राहा. पण त्याला आमच्या मागं येऊ देऊ नका."

तुम्ही बेंगळुरूला मामाकडे गेलात आणि दोन महिन्यांनी मीही फुलंब्रीच्या घराला कुलूप लावलं. तुमच्या बाबाला घेऊन इथे चिकलठाण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले, कारण व्यसनमुक्ती केंद्रात रोज जावं लागतं. फुलंब्रीत मी हाक मारली की चार घरं बाहेर यायची. इथे शेजारीण मला 'आंटी' म्हणते आणि लिफ्टमध्ये मोबाइल बघत उभी राहते.

मागच्या रविवारी फोनवर तन्मय म्हणाला, "आजी, मी बाबांना आवडत असतो तर त्यांनी शपथ मोडली नसती." याचं उत्तर फोनवर मावणारं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

कारखान्यात तुमच्या बाबाच्या, संतोषच्या पाठीला मार लागला, तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. अफूच्या कुळातलं औषध होतं ते. दहा दिवसांनंतरही तो कुठून कुठून गोळ्या आणत राहिला, दीड वर्ष. कळलं तेव्हा मी माझ्या पद्धतीने निकाल लावला. तन्मयला देवासमोर बसवलं, संतोषचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, शपथ घ्यायला लावली आणि सगळ्या पट्ट्या संडासात रिकाम्या केल्या. दारू सोडवायला आमच्याकडे हेच करतात. जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण त्या दिवशी त्यातलं काही आठवलं नाही.

पहिल्या दिवशी तो घामाने भिजला, उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. हुडहुडी भरावी तसा थरथरत होता. म्हणाला, "आई, दोनच दे गं. हळूहळू सोडतो. एकदम नाय व्हायचं." मी पोळी लाटत होते. त्याच्याकडे न बघता म्हणाले, "लेकराच्या डोक्यावर हात ठेवलाय, जरा लाज वाटू दे."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझं कपाट फोडलं. डबे भिंतीवर आपटले. तुमची आई, वैशाली, आडवी आली तर तिचे केस धरून तिला ओट्यावर आपटलं. कपाळातून रक्त आलं. मी हात धरला, त्याने मला ढकलून दिलं. मग त्याने खलातला लोखंडी बत्ता तिच्या दिशेने भिरकावला. तन्मय मध्ये धावला. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. तो अजून ऐकू येतो.

केंद्रातल्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूतल्या पेशीवर या औषधाला बसायला जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. औषध तिथे बसलं की पेशीच्या आतलं एक एंझाइम मंदावतं. हे एंझाइम सायक्लिक एएमपी नावाचे निरोपे तयार करतं. निरोपे कमी झाले की पेशी शांत आणि दुखणंही शांत. पण रोज दाबलं गेलं की पेशी हट्टाला पेटते, ते एंझाइम वाढवत नेते. पाइपावर पाय देऊन उभं राहावं आणि मागे मोटरचा जोर रोज वाढत जावा, तसं. मी तो पाय एका दिवसात काढला. मग निरोप्यांचा पूर आला. घाम, थरकाप, भीती, संताप, सगळं त्यातलंच. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, शपथ त्यांनी घेतली होती, त्यांच्या पेशींनी नाही."

तरी नीट ऐका. एंझाइम कोणाच्या हातात बत्ता देत नाही. तो हात संतोषचा होता. तुमच्या आईने तुम्हाला नेलं ते बरोबर केलं, आणि इतरांनी काहीही म्हटलं तरी मी तिच्याच बाजूने आहे.

पण तन्मय, तू त्याला आवडत होतास. तुझ्यासाठी तो दोन दिवस जमिनीवर लोळत राहिला. नुसत्या मायेवर हे सुटत नाही, एवढं साधं मला कळलं नाही, आणि ते ओझं मी तुझ्या डोक्यावर ठेवलं. ती चूक माझी. तुझी अजिबात नाही.

आता तो रोज केंद्रात जिभेखाली एक गोळी ठेवतो. ती त्याच रिसेप्टरवर बसते, पण काम अर्धवटच करते. पूर येऊ देत नाही. पुढे ती थोडी थोडी कमी करतील. सगळं ठीक झालंय असं मी लिहिणार नाही. गेल्या महिन्यात त्याने लाथ मारून मोरीचं दार तोडलं.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "आई, आज लई वाईट वाटायलंय. माझ्यानं नाय होत." मी गॅस बंद केला, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मग केंद्रात जायला रिक्षा बोलावली. फुलंब्रीत एवढी मोठी खोली होती, पण असं बसायला जागा मी ठेवली नव्हती. ती आता या फ्लॅटमध्ये आहे. मी हिलाच घर म्हणते.