मीठ लावलेली जांभळं

आमच्या प्रयोगशाळेत एक स्टीलची टाकी आहे, चष्म्याच्या दुकानात चष्मे धुवायला असते तसली, फक्त मोठी. तिच्या पाण्यात बाटली ठेवून बटण दाबलं की कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यातून फिरतो, बाटलीतल्या जांभळाच्या सालीच्या पेशी फुटतात आणि रंग बाहेर येतो. त्या रंगातच अँटिऑक्सिडंट असतात. पाणी तापलं की ती बिघडतात, म्हणून बर्फ टाकत शेजारी बसून राहायचं. ठाण्यातलं माझं संशोधन ते एवढंच.

त्या उन्हाळ्यात बाबांचा यकृताचा कॅन्सर हाताबाहेर गेला आणि डॉक्टरांनी उपचार थांबवले. माझ्या कामाचं बाबांना कधी कौतुक नव्हतं. "सरबत करायला एवढी पदवी कशाला?" म्हणायचे. आता मात्र मी डोंबिवलीला घरी पोचले की रोज विचारायचे, "आज किती निघालं?" ते का विचारतात ते मला कळायचं.

एका सकाळी त्यांनी माझ्या हातात डबा दिला. आईचा डोळा चुकवून, धापा टाकत बाजारात जाऊन स्वतः जांभळं आणली होती.

"याचा अर्क काढ. माझ्यासाठी."

माजिवड्याला बस अडकली तेव्हा मी डबा उघडला. जांभळं धुऊन, पुसून, मीठ लावून ठेवलेली. आमच्या घरात मिठाशिवाय जांभूळ कुणी तोंडात घालत नाही. मिठानं पाणी सुटलं होतं. प्रयोगाला ती बाद. मला भयंकर राग आला आणि कुणाचा ते कळेना.

संध्याकाळी डबा तसाच परत नेला. मिठावर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण मग ते उद्या बिनमिठाची आणायला निघाले असते.

"बाबा, मी काढते त्या अर्कात अल्कोहोल असतं, तो पिता येत नाही. आणि पिता आला असता तरी तुम्हाला त्यानं बरं वाटणार नाही."

ते पंख्याकडे बघत म्हणाले,

"म्हणजे सरबतच की गं."

"सरबतसुद्धा नाही, बाबा." मला रडू आवरेना.

त्यांनी हात पुढे केला. "मग आण इकडे. मीठ छान मुरलं असेल आता."

आम्ही दोघांनी मिळून डबा संपवला. थोड्या वेळानं डॉक्टर घरी आले आणि जीभ दाखवा म्हणाले. बाबांनी जांभळीगर्द जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहून घे. एवढं निघालं."